घरशिक्षणाचा तयार बॉक्स: घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कुठला?

गेल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यात जास्त व्हॉइस नोट्स एकाच प्रश्नाच्या आल्यात. "ताई, मुलगी साडेचार वर्षांची आहे, इतक्यात शाळेत घालायचं नाहीये. ते होमस्कूलिंगचे तयार बॉक्स मिळतात ना, त्यातला कुठला घेऊ?" कुणी पुण्यातून विचारलंय, कुणी संगमनेरहून, एक ताई तर दुबईत आहेत. आजचा भाग त्याच्यावरच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिहून काढलेला मजकूर. माझे 'अं... म्हणजे...' काढलेत, बाकी तसंच ठेवलंय. आणि ऑडिओत मागे जो पाऊस ऐकू येतोय तो इफेक्ट नाहीये, आमच्या पत्र्यावरचा खरा आहे.

हा विषय माझ्याही घरातला आहे, म्हणून आधी ते सांगून टाकते. मी शेंडीत राहते, म्हणजे भंडारदरा धरणाला लागून असलेलं गाव. आमचं छोटं होमस्टे आहे. मेअखेर काजवे सुरू झाले की गाड्यांची रांग लागते, मग पावसाळ्याचे पर्यटक, मग सप्टेंबरात सोनकी फुलली की फोटोवाले. लेक पाच वर्षांची आहे, अंगणवाडी चार पावलांवर. पण दुपारनंतर तिच्याशी बसायला मला वेळ नसतो, ती मोबाइल मागते, आणि मग रात्री मला अपराधी वाटतं. नवऱ्याला काळजी वेगळीच, की पोरगी इंग्रजीत मागे पडेल. सासूबाई म्हणतात, "दूध नीट पिऊ द्या तिला, पुस्तकं कुठं पळून चाललीत?" तीन माणसं, तीन मतं, आणि मध्ये एका कंपनीचा फोन: वर्षाचा बॉक्स १८,००० रुपये, हप्त्याने चालेल. आमच्या हिशोबात हे पावसाळ्यातल्या दोन भरलेल्या वीकेंडचे हातात उरणारे पैसे. म्हणून मी नीट बसून अभ्यास केला. कंपनीचं नाव घेणार नाही, कारण प्रश्न त्या एका कंपनीचा नाहीच.

आता बॉक्समध्ये असतं काय? नाव काहीही असो, आतला माल साधारण सारखाच. वर्षाचं किंवा महिन्याचं नियोजन, पालकांसाठी मार्गदर्शिका, वर्कशीट्सचा गठ्ठा, फ्लॅशकार्ड, थोडं हाताने करायचं साहित्य म्हणजे मणी, लाकडी आकार, क्रेयॉन वगैरे, आणि हल्ली एक ॲप. काही बॉक्स गोष्टींच्या पुस्तकांभोवती बांधलेले असतात, काही माँटेसरीचं नाव लावतात, काही महिन्याला एक 'थीम' देतात: प्राणी, वाहनं, शेत, अवकाश.

ही कल्पना जुनी आहे बरं का. अमेरिकेत बाल्टिमोरला कॅल्व्हर्ट नावाची शाळा आहे. तिचे मुख्याध्यापक व्हर्जिल हिलियर यांनी १९०६ साली शाळेतले धडे पोस्टाने घरोघरी पाठवायला सुरुवात केली. पुढे ते जगभर गेले. गिऱ्हाईक कोण, तर परदेशी नेमणूक झालेले अधिकारी, मिशनरी, दूरच्या भागात राहणारी कुटुंबं. त्या पाकिटाचा जीव होता पालकांसाठीची मार्गदर्शिका. आज काय करा, उद्या काय करा, हे कधीच न शिकवलेल्या आईला समजेल असं दिवसवार लिहिलेलं.

मला यातून जे कळलं, तेच आजच्या भागात सांगायचंय. बॉक्स मुलासाठी आहे असं वाटतं, पण तो खरं म्हणजे मोठ्या माणसासाठी असतो. 'आज काय करू' हा रोजचा प्रश्न तो सोडवतो, 'आपण काहीतरी पद्धतशीर करतोय' असा धीर देतो. हे काही कमी नाही, मी हसण्यावारी नेत नाहीये. दमलेल्या आईला धीर विकत मिळत असेल तर त्याला किंमत आहेच. पण मग बॉक्स निवडताना मुलाच्या वयाचा आकडा बघून 'लेव्हल २' मागवण्याआधी घरातल्या मोठ्यांकडे बघायला हवं. हा बॉक्स रोज उघडणार कोण? कुठल्या भाषेत? किती वेळ? आणि लाइट नसताना काय?

कंपनीकडे मी नमुना मागितला. मंडळी, हे सगळ्यांनी करा. एक आठवड्याचा नमुना बहुतेक जण देतात, आणि जो देत नाही त्याच्याकडून मी तरी वर्षाचं घेणार नाही. आमचा नमुना आला जुलैत आणि थीम होती 'फार्म', म्हणजे शेत. बाहेर सगळीकडे भाताची आवणी चाललेली, बाया चिखलात वाकलेल्या, डोक्यावर इरली, आणि आम्ही आत टेबलावर लाल रंगाचं लाकडी कोठार रंगवतोय! त्यात गवताच्या गोल गठ्ठ्यावर बसलेला शेतकरी. लेकीने विचारलं, "हा काय करतोय?" मला सांगता येईना.

इथे एक सांगते. मला परक्या गोष्टींचं वावडं नाही. डायनासोर कुणीच पाहिलेला नाही, तरी पोरं त्याच्यावर जीव टाकतात. बर्फ, देवमासा, रॉकेट, येऊ दे की सगळं. अडचण वेगळीच आहे. बुधवारी ॲपमध्ये 'कोण कुठे राहतं' असा खेळ होता. गायीचं चित्र ओढून त्या लाल कोठारावर न्यायचं. लेकीने गाय घराच्या चित्रावर नेली. ॲपने लाल फुली मारली. तिने परत घरावरच नेली, परत फुली. आमच्याकडे डांगी गायी आहेत, आमचा गोठा घराला चिकटून आहे, मधली भिंत एकच. म्हणजे उत्तर तिच्या जगात बरोबर होतं. तिसऱ्या वेळेला तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग गाय कोठारावर नेली. टाळ्यांचा आवाज आला. पाच वर्षांच्या मुलीला त्यातून काय कळलं असेल, तर डोळ्यांनी दिसतं ते सोडायचं आणि समोरच्याला हवं ते म्हणायचं. स्ट्रॉबेरी-किवीच्या चित्रांपेक्षा मला ही फुली जास्त खटकली.

गुरुवारी वीज गेली, त्यामागोमाग रेंजही. या भागात पावसाळ्यात हे चालतंच. त्या दिवसाचा अर्धा पाठ व्हिडिओत होता, तो राहिला. जाहिरातीत 'रोज फक्त ३० मिनिटं' लिहिलेलं. मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं होतं, माझी रोजची सरासरी सव्वा तासाच्या आसपास आली. कारण आधी इंग्रजीतली मार्गदर्शिका वाचा, मग कापा, चिकटवा, आणि एक पान वाया गेलं तर झेरॉक्सला राजूर गाठा.

पण शुक्रवार! शुक्रवारचा गणिताचा खेळ इतका छान होता की त्या एका खेळासाठी मी कंपनीला मनातल्या मनात नमस्कार केला. पाच मणी घ्यायचे, मुलाला मोजू द्यायचे, मग काही वाटीखाली लपवायचे आणि विचारायचं, "आत किती?" बाहेर दोन दिसतात, म्हणजे आत तीन. बेरीज-वजाबाकी असं काही नाव न घेता दोन्ही होऊन जातं. मला हे सुचलं नसतं. शनिवारी सासूबाईंनी तोच खेळ वालाच्या दाण्यांवर घेतला, नंतर सात दाण्यांवर, नंतर लेकीनेच दाणे लपवून आजीला विचारायला सुरुवात केली. आजी मुद्दाम चुकायच्या आणि ही खिदळायची.

इथे मला बॉक्स तपासायची सगळ्यात उपयोगाची चाचणी सापडली. त्यातला एक पाठ घ्या आणि बॉक्समधलं साहित्य बाजूला ठेवा. मण्यांऐवजी वाल, कार्डांऐवजी घरातल्या वस्तू. खेळ चालतो का? चालला तर त्या बॉक्समागे विचार आहे, कुणीतरी मुलांबरोबर बसून तो बनवलाय. नाही चालला, साहित्य काढल्याबरोबर पाठच मेला, तर तुम्ही छपाईचे पैसे भरताय. आमच्या नमुन्यात पाच दिवसांतले दोन पाठ टिकले.

ही चाचणी काही माझी शोधबुद्धी नाही म्हणा. महाराष्ट्रात हे काम ऐंशी वर्षांपूर्वी ताराबाई मोडकांनी करून ठेवलंय, आणि ते इतकं भारी आहे की जरा सविस्तर सांगते. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांचं साहित्य म्हणजे मापात कापलेले लाकडी ठोकळे, गुलाबी मनोरा, दट्टे. एका अर्थाने तोही तयार संचच, आणि महाग. ताराबाई आधी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर याच पद्धतीवर काम करत होत्या. १९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळ बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर आल्या. आणि तिथे लक्षात आलं की खेड्यातल्या मुलांसाठी हा महागडा संच परवडणारा नाही आणि त्याची गरजही नाही. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे शिकवायला शंख-शिंपले आहेत, बिया आहेत, गोटे, काड्या, पानं आहेत. पद्धतीतला विचार ठेवला, लाकूड बदललं.

पुढचं तर अजून मोठं. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली वस्तीत. तिथली मोठी मुलं गुरं राखायला जायची, मग शाळा कुरणात भरवली, तिचं नाव कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. आणि १९७५ मध्ये केंद्राची बालविकास योजना आली तेव्हा देशभरच्या केंद्रांना नाव मिळालं, अंगणवाडी. म्हणजे ज्या अंगणवाडीला आपण 'खिचडीची शाळा' म्हणून नाक मुरडतो आणि अठरा हजारांचा बॉक्स बघत बसतो, तिच्या मुळाशी बॉक्स कसा सोडवायचा याचाच अभ्यास आहे. (प्रत्येक अंगणवाडी आज तशी चालते असं मी म्हणत नाहीये. सेविकाताईंच्या डोक्यावर रजिस्टरांचा भार किती असतो ते मी रोज बघते.)

आमच्याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत, त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या बाईने गावठी बियाण्यांची बँक उभी केली. बी हातात घेऊन वाण ओळखणं, वेगळं करणं, नीट साठवणं, याला अभ्यासक्रमाच्या भाषेत वर्गीकरण म्हणतात. आमच्या सासूबाईंनाही काळभात आणि जिरवेल नुसता दाणा बघून सांगता येतो. मी अजून गोंधळते.

पण आता उलट बाजूही बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई गावाचं गाणं गायला लागल्या. निसर्गात राहिलं की मूल आपोआप शिकतं, हे खरं नाही. धबधबा बघून कुणाला बाराखडी येत नाही. वाचन शिकवावं लागतं, क्रमाने शिकवावं लागतं, आणि तो क्रम कुणीतरी विचार करून लावलेला असावा लागतो. बॉक्स घ्यायचं सगळ्यात चांगलं कारण हेच. आणि नेमकी इथेच मराठी घरांची पंचाईत आहे. इंग्रजी फोनिक्सचे संच ढिगाने मिळतात. मराठीत मात्र बरेचसे 'अ अननसाचा'च्या कार्डांवर थांबतात. काना, मात्रा, वेलांटीपर्यंत मुलाला टप्प्याटप्प्याने नेणारा संच शोधायला गेलात तर दमाल. घरात आजी मराठी, आई मराठी, मूल दिवसभर मराठीत बडबडतंय आणि वाचायला आधी इंग्रजी, हा उलटा क्रम मला पटत नाही. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते आठ वयासाठी मातृभाषा आणि खेळ यांवरच भर आहे.

मग काय करायचं? आधी फुकटचं बघा. खरंच, पैसे भरायच्या आधी. एनसीईआरटीने २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' आणला, तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळ, कोडी, बाहुल्या, पोस्टर, गोष्टी. तो म्हणजे सरकारी बॉक्सच, आणि त्याचं मोबाइल ॲपही आहे. २०२४ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने 'आधारशिला' हा तीन ते सहा वयाचा अभ्यासक्रम काढला, त्यात ४८ आठवड्यांचं नियोजन तयार मिळतं. तुमच्या अंगणवाडी ताईंना विचारा, त्यांना माहीत असतो. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये मिळतात, पहिलीचं मराठी उतरवून ठेवा. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, २०१५ पासून चालू आहे, मराठी गोष्टी भरपूर, आणि रेंज असताना उतरवून ठेवता येतात. राज्यात 'पहिले पाऊल' नावाचं शाळापूर्व तयारी अभियान चालतं, त्यात आयांचे गट करून घरी करायच्या छोट्या कृती देतात. तुमच्या शाळेत गट असेल तर जरूर जा, तिथे निदान बोलायला माणसं तरी भेटतात.

हे सगळं बघून काय उणीव उरते ते ठरवा, आणि फक्त तेवढं विकत घ्या. वर्षभराचा सगळ्या विषयांचा बॉक्स चार-पाच वर्षांच्या मुलासाठी घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. या वयात मूल तीन महिन्यांत बदलतं. जून महिन्यात पेन्सिल फेकून देणारं पोरगं दिवाळीनंतर भिंती लिहून काढतं. तिमाही घ्या, एक विषय घ्या. ॲपवर चालणारा असेल तर स्क्रीनचा हिशोब करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की २ ते ४ वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तम. बॉक्सचं ॲप तो तास खात असेल तर कार्टून बंद, एवढा सौदा घरात आधीच ठरलेला बरा.

कायद्याचं बरेच जण घाबरत विचारतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू, आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. म्हणजे सहाच्या आत घरी शिकवलं तर कुणी विचारायला येणार नाही. सहानंतर मात्र कायदा पालकांवर मुलाला शाळेत घालायची जबाबदारी टाकतो. त्यात घरशिक्षणाला थेट परवानगीही नाही आणि त्यासाठी पालकांना शिक्षाही नाही, अशी मधलीच जागा आहे. ज्यांना पुढे कधी शाळेत घालायचंय त्यांच्यासाठी कलम ४ महत्त्वाचं: शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळायला हवा. एखादा बॉक्सवाला 'आमचं सर्टिफिकेट नसेल तर पहिलीत घेणार नाहीत' म्हणाला, तर फोन ठेवा.

आम्ही काय केलं? वर्षाचा बॉक्स घेतला नाही. गणिताच्या खेळांचं एक छोटं पुस्तक घेतलं, इंग्रजीच गोष्टींचं बोलणं नवरा रात्री करतो, त्यालाच काळजी जास्त, म्हणून ते खातं त्याच्याकडे. मराठी वाचन माझ्याकडे, रोज वीस मिनिटं, सकाळी चहाच्या आधी, कारण नंतर पाहुणे उठतात. अंगणवाडी चालूच आहे. ती बंद करायचा विचार मी केला होता, पण तिथे तिला सात-आठ पोरं मिळतात. भांडण करणं, माघार घेणं, डबा वाटणं, हे कुठल्याच बॉक्सात येत नाही, आणि आमच्या घरात ती एकटीच आहे.

दुपारचा वेळ सासूबाईंचा. त्यांना इंग्रजी मार्गदर्शिका वाचता येत नाही, मराठी वाचतात पण चष्मा सापडायला हवा. म्हणून मी रात्री त्यांना दोन मिनिटांची व्हॉइस नोट करून ठेवते: "आई, उद्या वालाचे आठ दाणे घ्या, असं असं विचारा." पॉडकास्ट करणाऱ्या बाईला एवढं तर जमलंच पाहिजे. पहिले दोन दिवस त्या कुरकुरल्या. आता माझी नोट ऐकतात आणि त्यांना हवं तेच करतात. परवा आठ दाण्यांचा खेळ सोडून दोघी हिरडे निवडत बसल्या होत्या, किडके एकीकडे, चांगले एकीकडे, आणि दहा-दहाचे ढीग. मी काही बोलले नाही.

पुढच्या जूनचा प्रश्न बाकी आहे. लेक सहाची होईल. गावातली जिल्हा परिषदेची शाळा की बसने जायची इंग्रजी शाळा, यावर नवऱ्याचं आणि माझं अजून जमलेलं नाही. ठरलं की सांगेन.

तुमच्यापैकी ज्यांनी बॉक्स घेतलाय, त्यांनी साहित्य बाजूला ठेवून एक पाठ करून बघा आणि काय झालं ते व्हॉइस नोटवर पाठवा. मराठी मात्रा-वेलांटीचा चांगला क्रम कुणाला सापडला असेल तर ती नोट आधी पाठवा, त्याची मीच वाट बघतेय. उत्तर यायला उशीर झाला तर समजून घ्या, पाऊस उघडल्याशिवाय आमच्याकडे रेंजचा भरवसा नाही.